हाताने करायचे ऐच्छिक विषय: एक खोली, सोळा मुलं, काय निवडावं?

कोरी_पाटी विचारतात:

नमस्कार मंडळी. ख्रिस्ती हायस्कूलच्या नववी-दहावीसाठी कलेचे आणि हाताने करायचे ऐच्छिक विषय ठरवायचे आहेत. हाताशी आहे ते असं: सोळा मुलांचा एक गट, अठरा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला दोन तास. ९ मीटर बाय ७ मीटरची एक मोकळी खोली, त्यात एक सिंक. शिवाय चॅपल, तिथे आठवड्यातून एकदा उपासना होते, एरवी ते रिकामंच असतं. शिकवणारे मिळतील, मोठी यंत्रं मिळणार नाहीत.

कच्च्या यादीत दहा नावं आहेत: सुतारकाम, शिवण, मातीकाम, रंगीत काचकाम, सुलेखन, गायनवृंद, हँडबेल, चॅपलचा साउंड, फोटोग्राफी, नाट्य. पहिल्या वर्षी यातली तीन, फार तर चार झेपतील. कुठली घ्यावीत? प्रत्येकात पहिली वस्तू कोणती करवून घ्यावी, सामान किती लागेल, कुठे फसतं? आणि गुण कशावर द्यायचे?

विषयांचा शाळेच्या ख्रिस्तीपणाशी काही संबंध असावा, असं व्यवस्थापनाचं म्हणणं आहे. पण जे केलं त्यावर एक वचन रंगवलं की झाला संबंध, असं व्हायला नको आहे.

झिलपी:

यादी बाजूला ठेवा, आधी तासाची लांबी बघा. चाळीस मिनिटांचे सुटे तास असतील तर सुतारकाम आणि मातीकाम दोन्हींवर काट मारा. सोळा जणांनी हत्यारं घेऊन जागेवर जायला दहा मिनिटं. झाडलोट करून, हत्यारं मोजून परत फळीवर लावायला पंधरा. उरली पंधरा. तेवढ्यात लाकूड व्हाइसमध्ये (टेबलाच्या शिकंज्यात) अडकवून होतं आणि घंटा होते. तेच दोन तास एका दिवशी लागोपाठ मिळाले तर ८० मिनिटांत ५०-५५ मिनिटं खरं काम निघतं. वेळापत्रक लावणाऱ्याशी वाद घालावा लागला तरी घाला, पण जोडतास मिळवा.

सुतारकाम घेणार असाल तर पहिली वस्तू क्रूस. ख्रिस्ती शाळा म्हणून नव्हे, तेवढ्यासाठी तर दुकानातूनही आणता येईल. क्रूसात दोनच तुकडे आणि एकच सांधा असतो, पण मोजणं, आखणं, करवत, पटाशी, गोंद आणि पॉलिश पेपर सगळं त्यात येतं, आणि चूक लपत नाही.

माप: उभा तुकडा ३०० मिमी, आडवा १८०, दोन्ही ४० मिमी रुंद आणि २० मिमी जाड. लाकूड मऊ, सरळ रेषांचं, बिनगाठीचं आणि नीट वाळलेलं घ्या (ओलावा ८ ते १२ टक्के). चारी बाजू आधीच रंधून आणा, मुलांच्या तासात ते काम नको. एका मुलाला ४८० मिमी लागतं. करवतीत जाणारं आणि टोकं साफ करताना जाणारं धरून ५२०. सोळा जणांचे सव्वाआठ मीटर होतात, आणा १० मीटर. दोन-तीन जणांची खाच चुकीच्या बाजूला पडणारच.

हत्यारं दोघांत एक: पाठीला पट्टी असलेली बारीक दातांची करवत, १८ किंवा २० मिमीची पटाशी, मोगरी, गुण्या, मार्किंग गेज (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ ओढणारं), आखणीची सुरी, टेबलाचा व्हाइस. प्रत्येकी आठ. जी-क्लॅम्प (सांधा आवळून धरणारे) मात्र सोळा हवेत, कारण गोंद सगळ्यांचा एकाच दिवशी लागतो आणि क्लॅम्प तासभर अडकून राहतो.

आता सांधा, कारण अर्धी मुलं इथेच घसरतात. दोन्ही तुकड्यांत अर्ध्या जाडीची खाच घ्यायची आणि ते एकमेकांत बसवायचे. खाचेची रुंदी पट्टीने ४० मोजू नका. उभा तुकडा आडव्यावर गुण्याने काटकोनात ठेवा आणि त्याच्या दोन्ही कडांना लागून सुरीने रेघ मारा. ४० म्हणून आलेलं लाकूड ३९.४ भरतं, आणि सांध्याला ते कळतं. मग दोन्ही तुकड्यांच्या दर्शनी बाजूवर पेन्सिलने खूण करा. गेज १० मिमीवर लावा आणि दोन्ही तुकड्यांवर दर्शनी बाजूकडूनच ओढा. एका तुकड्याचा पुढचा अर्धा भाग काढायचा, दुसऱ्याचा मागचा. असं केलं की गेज दहाऐवजी साडेनऊवर लागला असला तरी क्रूसाचं तोंड सपाट येतं. दोघांच्याही खाचा पुढूनच घेतल्या आणि एक तुकडा उलटा करून बसवला, तर अर्ध्या मिमीची चूक दुप्पट होते आणि एक मिमीची पायरी बोटाला लागते. काढायच्या भागावर फुली मारल्याशिवाय कुणाच्या हातात करवत द्यायची नाही.

करवत रेघेच्या फुलीकडच्या अंगाने चालवायची. कापून झाल्यावर रेघ शिल्लक दिसली पाहिजे. दोन कडांच्या मध्ये आणखी तीन काप घ्या, म्हणजे पटाशीला लहान लहान तुकडेच उडवायचे राहतात. पटाशी एका बाजूने मध्यापर्यंत, मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने मध्यापर्यंत. एकाच बाजूने आरपार नेली तर पलीकडची कड फाटून निघते, आणि ती नेमकी समोर दिसणारी असते.

सांधा घट्ट झाला तर मोगरीने ठोकून बसवू देऊ नका, खाचेची भिंत चिरते. खाच तशीच राहू द्या. आत जाणाऱ्या तुकड्याच्या कडेवरून रंध्याने एखादी पातळ झिलपी काढा. सैल झाला तर त्याच लाकडाची झिलपी गोंद लावून फटीत सरकवा, रेषा एकाच दिशेला ठेवून. वाळून घासल्यावर कुठे भरलंय ते शोधावं लागतं.

लाकडाचा पांढरा गोंद पातळ लावा, दहा मिनिटांच्या आत क्लॅम्प आवळा, तासाने सोडा. पुढचे २४ तास सांध्यावर ताण नको. बाहेर आलेला गोंद तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसा. राहिला तर तिथे तेल मुरत नाही आणि फिकट डाग पडतो. पॉलिश पेपर ८०, १२०, १८० या क्रमाने, रेषेच्या दिशेने. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, तेल लावलं की सगळे उठून येतात.

धार शिक्षकाने तासाआधी लावून ठेवायची: पटाशीचा उतार २५ अंशांचा, शेवटची धार ३० अंशांवर. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. दोन्ही हात कायम धारेच्या मागे, हा एक नियम पहिल्या दिवशी आणि शेवटच्याही दिवशी सांगा.

उसवण:

शिवण घ्याच. पण वेळापत्रकात सुतारकामाच्या समोर ठेवू नका. दोन्ही एकाच वेळी लावले की मुलगे तिकडे आणि मुली इकडे, अशी वाटणी न सांगता होते आणि मग ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

सोळा जणांना आठ मशिनं पुरतात. अर्धे मशिनवर, अर्धे कापणं, इस्त्री आणि हातशिलाईवर. ३० मिनिटांनी बदल. इस्त्रीची दोन टेबलं हवीतच. शिवणात निम्मं काम इस्त्री करते हे मुलांना पटायला वेळ लागतो.

पहिली वस्तू चॅपलच्या वेदीवरची किंवा पुलपिटवरची पट्टी. उपासना-वर्ष पाळणारी शाळा असेल तर रंगांचं काम आपोआप ठरतं: आगमनकाळ आणि लेंटला (उपवासकाळाला) जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला लाल, बाकी सामान्य काळात हिरवा. चार रंग, चार-चार मुलांचे चार गट, आणि प्रत्येक पट्टी वर्षभरात खरोखर वापरली जाते. शिवणाचा शाळेशी संबंध याहून वेगळा दाखवायची गरज नाही.

कापड जाडसर सुती, आणि कापण्याआधी धुऊन इस्त्री केलेलं. सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर आटू शकतं. आधी न धुता शिवलेली पट्टी वर्षाअखेर धुतली की कडा गोळा होतात, मग कितीही इस्त्री करा. तयार रुंदी ४० सेमी हवी असेल तर ४८ सेमी कापा: दोन्ही कडांना १ सेमी आतली घडी आणि ३ सेमी दुमड. लांबीलाही तेवढेच जास्त.

कोपरा तिरका जोडायला शिकवा, चौकोनी दुमडलेला कोपरा गाठीसारखा दिसतो. आधी १ सेमीची घडी इस्त्रीने पक्की करा, मग ३ सेमीची. ३ सेमीची घडी उघडा (१ सेमीची राहू द्या). आता दोन्ही बाजूंच्या इस्त्रीच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूतून जाईल अशी तिरकी घडी घालून कोपरा आत वळवा. रेघेवर रेघ बसली की घडी बरोबर आहे. घडीपासून ६ मिमी सोडून जास्तीचा त्रिकोण कापा, बाजू परत दुमडा. दोन तिरक्या कडा मध्यावर भेटतात. कापायच्या आधी टाचण्या लावून एकदा बंद करून बघायचं, कारण कात्री चालल्यावर परत फिरता येत नाही.

मशिनचं म्हणाल तर पंधरापैकी बारा तक्रारी एकच असतात: "खालून दोऱ्याचं जाळं होतंय." मुलं लगेच बॉबिन काढून बसतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. दाबपट्टी खाली असताना दोरा ओवला की ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, आणि वर ताण नसल्यामुळे खाली फासे पडतात. दाबपट्टी वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. ताणाच्या चकरीला हात लावायची मनाई करा. एकाने फिरवली की पुढचे दोन तास त्या मशिनचे.

साध्या सुती कापडाला ८० नंबरची सुई, जाडसर असेल तर ९०. टाका २.५ मिमी. टाके सुटत असतील तर सुई वाकडी, बोथट किंवा उलटी लागली आहे. सुई प्रत्येक नव्या वस्तूला नवीन. यात काटकसर करू नका.

कच्चं_मडकं:

मातीकाम भट्टीशिवाय सुरू करणार असाल तर करू नका. हवेत वाळणाऱ्या मातीच्या वस्तू पाणी धरत नाहीत आणि टवके उडतात. मुलांनी आठ आठवडे मन लावून केलेली वस्तू दप्तरात फुटते.

भट्टी येणार असेल तर तिची जागा आधी ठरवा: स्वतंत्र वीजजोडणी, बाहेर सोडणारा पंखा, भिंतीपासून अंतर, आणि तापलेली असताना मुलांसाठी बंद ठेवता येईल असं दार. वर्गाच्याच खोलीत भट्टी ठेवली तर ती पेटलेली असेल त्या दिवशी तिथे दुसरा तास होत नाही.

पहिली वस्तू चिमटा काढलेला दिवा. ७ मिमी जाडीची, १२ सेमी व्यासाची थाळी लाटायची, कडा बोटांनी वर उचलायची आणि एका जागी दोन बोटांत चिमटून वातीची चोच करायची. पॅलेस्टाईनच्या भूमीत जुन्या कराराच्या काळातले दिवे असेच, उघडी बशी आणि चिमटलेली चोच. येशूच्या काळातला दिवा वेगळा: वरून बंद, चाकावर केलेला, नळी स्वतंत्र जोडलेली. येशूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला शिकवताना बशीचा दिवा काढलेली चित्रं सर्रास दिसतात. मातीच्या तासाला दोन्ही करून बघितले की मुलं ते पुन्हा विसरत नाहीत. वचन रंगवण्यापेक्षा हा संबंध बरा.

एका मुलाला सत्रभरात ८ किलो माती धरा. एका दिव्याला २०० ग्रॅमच्या आसपास लागते, पण पहिले दोन मोडून परत मळले जातात. माती दर वेळी नीट मळून घ्या. भिंत सगळीकडे ६ ते ८ मिमी. एका ठिकाणी ४ आणि एका ठिकाणी १५ झाली की दोन्ही वेगवेगळ्या गतीने वाळतात आणि मधोमध तडा जातो. तुकडा जोडायचा असेल तर दोन्ही पृष्ठभाग सुईने आडवेतिडवे खरवडा, मधे त्याच मातीची पेज लावा, मग दाबा. नुसता ओला हात फिरवून जोडलेला कान वाळताना गळून पडतो.

वाळवणं हा खरा अभ्यासक्रम. प्लॅस्टिकखाली दोन-तीन दिवस, मग उघड्यावर, एकूण आठवडाभर तरी. वाळलंय का हे बघायला वस्तू गालाला लावा. गार लागली तर आत अजून पाणी आहे. हे पाणीच भट्टीत वस्तू फोडतं. मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटली, असं सगळे सांगतात, पण १०० अंशांवर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, हे खरं कारण. म्हणून पहिल्या भाजणीत ९० अंशांवर तीन-चार तास थांबायचं, मग ६०० अंशांपर्यंत तासाला शंभरहून जास्त चढवायचं नाही. ५७३ अंशांला मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि आकारमान एकदम वाढतं. उतरतानाही तेच उलट होतं. तिथे घाई केली की केसासारखा तडा जातो. शेवट १००० ते १०६० अंश. भट्टी १०० अंशांच्या खाली येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. "नुसतं डोकावून बघू" म्हणून उघडलेल्या भट्टीतून टिंग टिंग आवाज येतात, ते ग्लेझला (वरच्या काचेसारख्या लेपाला) तडे जाण्याचे.

आणि कोरडी झाडू बंद. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात साठते. टेबलं ओल्या स्पंजने, जमीन ओल्या पोछ्याने. सिंकखाली गाळ बसायला बादली किंवा टाकी हवी, नाहीतर पहिल्या सत्रातच पाइप तुंबेल.

कोरी_पाटी:

जोडतास मिळवता येतील. भट्टी पहिल्या वर्षी अवघड दिसतेय. काचकामाबद्दल कुणी बोललं नाही. चॅपलच्या खिडक्यांमुळे त्याला मागणी बरीच आहे. आणि साउंडचा ऐच्छिक विषय होऊ शकतो का, की ते नुसतं उपासनेचं काम होईल?

झिलपी:

काचकाम नको. काचेचे तुकडे जोडायच्या नेहमीच्या डागात (सोल्डरमध्ये) ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. बिनशिशाचा डाग मिळतो, पण तो चढ्या तापमानाला वितळतो आणि नवशिक्यांच्या हाती गुठळ्या होतात. त्यात काच कापणं, कडा घासणं, फ्लक्सचा धूर. सोळा जणांवर एका शिक्षकाची नजर पुरत नाही. चार-पाच जणांचा गट असेल तेव्हा बघा.

मातीकामाला एक गोष्ट जोडतो. सोळा मुलांच्या अर्धवट वस्तू ठेवायला मातीकामाला सुतारकामाच्या तिप्पट जागा लागते. लाकूड एकावर एक रचता येतं, ओला दिवा नाही.

कच्चं_मडकं:

तिप्पट नाही, दुप्पट धरा. चाकांवरची फळ्यांची मांडणी आणली तर एका भिंतीत बसतं. बाकी पहिल्या वर्षी भट्टी नसेल तर माती नको, यावर आपलं एकमत आहे.

शून्यावर_फेडर:

साउंड विषय होतो, पण सोळा जण मिक्सरभोवती (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राभोवती) उभे करून नव्हे. मिक्सरला चार जण लागतात, बाकी बारा जण कंटाळून केबलशी खेळतात. चार-चारांचे चार गट करा: मिक्सर, माइक आणि स्टँड, केबल आणि वीज, उपासनेचा क्रम आणि गीतांच्या स्लाइड. दर आठवड्याला गट फिरवा. अठरा आठवड्यांत प्रत्येक जागा प्रत्येकाला चार वेळा मिळते.

पहिले तीन आठवडे उपासनेत हात घालू देऊ नका, रिकाम्या चॅपलमध्ये शिकवा. आधी वाट पाठ करून घ्या: माइक, केबल, मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते), इक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणं), फेडर (त्या माइकच्या आवाजाची सरकपट्टी), मास्टर (सगळ्यांचा मिळून आवाज), अँप्लिफायर, स्पीकर. आवाज येत नसेल तर याच क्रमाने शोधायचं, कुठूनही सुरुवात करायची नाही. चालू करताना अँप्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. उलटं केलं की स्पीकरमधून धप्प असा आवाज येतो आणि कधी तरी त्याचा कोन फाटतो.

गेन लावणं ही या विषयातली पहिली वस्तू समजा. फेडर खाली. बोलणाऱ्याला 'हॅलो, वन टू थ्री' म्हणायला लावू नका. माइक तपासताना माणूस ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात तो वाचन करत नाही. त्याला त्या दिवशीचा उताराच वाचू द्या, उभा राहतो तिथूनच. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवा, मग फेडर शून्यावर आणा. आवाज कमी-जास्त करायचा तो यानंतर फेडरने. बोलण्याच्या माइकवर १०० हर्ट्झखालचं कापून टाका. तिथे बहुतेक पायांचा दणका आणि श्वासाचे धपके असतात.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, का येतो हे मुलांना हाताने करून दाखवा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला बरोबर पाठीमागचं कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या थेट मागे. सुपरकार्डिऑइडचं (समोरचं त्याहून अरुंद ऐकणाऱ्याचं) तसं नाही, त्याची बहिरी जागा तिरकी मागे असते. त्याच्या थेट मागे मॉनिटर ठेवला तर शिट्टी वाजणारच. माइकची जाळी मुठीत धरली की दिशेचा सगळा हिशेब कोलमडतो, आणि गाणारी मुलं हेच करतात. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. म्हणून जो बोलत नाही त्याचा माइक बंद. उलट तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. वाचणाऱ्याला दोन पावलं पुढे घेणं हे कुठल्याही इक्यूपेक्षा स्वस्त.

गुणगुण येत असेल तर प्लगची अर्थिंगची पिन काढून ती घालवायचा 'उपाय' कुणी तरी सांगेलच. तो करायचा नाही, माइक धरणाऱ्याला झटका बसू शकतो. मिक्सर आणि मंचावरची यंत्रं एकाच सर्किटवर घ्या. काही माइकना मिक्सरमधून वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण चॅनल म्यूट असतानाच दाबायचं. बिनतारी माइकच्या बॅटऱ्या दर उपासनेला नव्या किंवा पूर्ण भरलेल्या. 'अजून दोन काड्या दिसतायत' यावर विश्वास ठेवू नका.

जोडघंटा:

गायनवृंद आणि हँडबेल यांबद्दल थोडक्यात. नववीतल्या मुलग्यांचे आवाज फुटत असतात. त्यांना टेनर किंवा बासमध्ये ढकलू नका, सहा-सात सुरांच्या पट्ट्यात मावणारा स्वतंत्र भाग लिहून द्या आणि दर सहा आठवड्यांनी प्रत्येकाचा पट्टा पुन्हा तपासा. जूनमध्ये जमलेला सूर सप्टेंबरात लागत नाही, त्यात मुलाचा दोष नाही.

हँडबेलच्या तीन सप्तकांच्या संचात ३७ घंटा असतात आणि दहा ते तेरा वाजवणारे लागतात. दोन सप्तकांच्या संचात २५. सोळा जणांच्या गटात तीन ते सहा जण कायम बसून राहतात. त्याहून मोठी अडचण गैरहजेरीची: प्रत्येकाच्या हातात दोन घंटा, म्हणून एक मूल आलं नाही की गाण्यातून दोन सूर गायब, आणि कुठलं गाणं दोन सुरांवाचून उभं राहतं? संच महाग असतो, टेबलांवर दहा सेमी जाडीचा फोम लागतो, घामाने धातूवर डाग पडतात म्हणून हातमोजे लागतात. आधी अॅल्युमिनियमच्या हँडचाइमवर (घंटांऐवजी हातात धरायच्या नळ्यांवर) एक सत्र घ्या. हजेरी टिकली तर पुढचं बोला.

सुलेखन सर्वांत स्वस्त आहे आणि त्याला खोलीही लागत नाही, म्हणून चौथा विषय तोच ठेवा. रोमन अक्षरांची सुरुवात ब्रिटिश सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्या फाउंडेशनल वळणाने: लेखणी ३० अंशांवर, लहान अक्षराची उंची लेखणीच्या रुंदीच्या चौपट. देवनागरीला बोरूचा काप उलट बाजूला तिरका लागतो. रोमनसाठीच्या निबने देवनागरी काढली की जाड-बारीक रेघा चुकीच्या जागी येतात आणि अक्षर परकं दिसतं. डावखुऱ्यांसाठी वेगळे निब आधीच मागवा.

कोरी_पाटी:

म्हणजे सुतारकाम, शिवण, साउंड, सुलेखन. मातीकाम भट्टीची सोय झाल्यावर. राहिले गुण.

उसवण:

शंभरात: कामाची वही ३०, तंत्र ३०, तयार वस्तू २०, आवरणं आणि हत्यारांची काळजी २०. वस्तूला जास्त दिले की घरून कुणी तरी करून देतं.

भक्तीला गुण देऊ नका. "क्रूसातून श्रद्धा किती व्यक्त झाली" असला रकाना ठेवलात तर मुलं शिक्षकाला आवडेल ते लिहायला शिकतील. मोजता येईल तेच मोजा. सांध्याची फट वहीच्या कागदाने तपासा, साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. एकही कागद शिरला नाही तर १०, एक-दोन शिरले तर ८, पाच शिरले तर ५. मुलं स्वतःच कागद घेऊन तपासत फिरतात आणि गुणांवरून वाद होत नाही. शिवणात तिरक्या कोपऱ्याच्या दोन कडा टोकाशी किती मिमी सरकल्या ते मोजा.

व्यवस्थापनाला संबंध लिहून हवा असेल तर बायबलमधला निर्गम ३१ द्या. तिथे बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरलंय ते सोनं, रुपं, पितळ कोरायला, रत्नं बसवायला आणि लाकडाचं काम करायला, आणि अहलियाब त्याच्या जोडीला आहे. संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातल्या नियमावलीचा ५७वा अध्यायही मठातल्या कारागिरांवरच आहे: कसबाचा गर्व चढलेल्याला त्या कामावरून उठवा, आणि वस्तू बाहेरच्यांपेक्षा थोड्या कमी किमतीला विका. शाळेच्या विक्रीत मुलांच्या वस्तू मांडणार असाल तर दुसरं वाक्य उपयोगी पडेल.

कोरी_पाटी:

छान, पुरेसं मिळालं. एकच राहिलं: क्रूसाला शेवटी कुठलं तेल?

झिलपी:

जवसाचं, पण 'बॉइल्ड' म्हणून मिळतं ते. कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे घेतं आणि तोवर त्यावर धूळ बसते. फडक्याने पातळ लावा, पंधरा मिनिटांनी जेवढं वर राहिलंय तेवढं कोरड्या फडक्याने पुसा. जाड थर चिकटच राहतो. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

त्या फडक्यांची काळजी लाकडापेक्षा जास्त घ्या. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेलकट चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांनी, म्हणजे शाळा सुटून खोलीला कुलूप लागल्यावर, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या हवेत एक-एक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. सोळा मुलांना सोळा चिंध्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या. पंधराच भरल्या तर सोळावी सापडेपर्यंत खोली बंद करू नका.